मैदानावरचे मास्तर : रहीमसाहेब

रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी बँकेतल्या आठवणी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. पस्तीस वर्षं नोकरी केली, तेव्हा आठवणी पुष्कळ आहेत. पण त्या बाजूला ठेवून मला एका शाळामास्तरांविषयी लिहायचं आहे. त्यांचा आपल्या चिंचपाड्याशी तसा काही संबंध नाही. ते वारले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि त्यांचं नावही माझ्या कानावर आलेलं नव्हतं. तरीसुद्धा आपल्या सोसायटीत गेली दहा वर्षं जी एक गोष्ट अर्धवट पडून आहे, तिचं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे असं मला वाटतं. ती गोष्ट कोणती ते शेवटी सांगतो. जुन्या सभासदांना ती आत्ताच कळली असेल.

मास्तरांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा सिनेमा आला, अजय देवगणने त्यांचं काम केलं. आमचा नातू सुटीत आला तेव्हा मोबाइलवर तो सिनेमा बघत होता आणि हा माणूस खरोखर होऊन गेला का, असं त्याने मला विचारलं. होऊन गेला, म्हटलं, आणि त्याला बघितलेल्या माणसांबरोबर मी तीन वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आहे.

१९८४ साली माझी बदली हैदराबादला झाली. शाखेत आमचे हेड कॅशियर निवृत्तीला आलेले, जुन्या शहरातले. अकाउंटंट होते ते मराठवाड्यातले. रझाकारांच्या धामधुमीत त्यांच्या घरच्यांना रातोरात गाव सोडावं लागलं होतं. निजामाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळावर आठी यायची. या दोघांचं एरवी कामापुरतंच बोलणं. पण डब्याच्या वेळी फुटबॉलचा विषय निघाला की दोघांची मैफल जमायची. कॅशियरसाहेब लहानपणापासून हैदराबाद पोलीस संघाचे भक्त, त्यात आश्चर्य नाही. आश्चर्य अकाउंटंटचं होतं. १९५० नंतर ते नोकरी शोधायला मुंबईला गेले. तिथे कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपचे सामने बघायला जाऊ लागले. ज्या हैदराबादेतून पळून आलो, त्याच हैदराबादच्या पोलिसांचा संघ समोर खेळतोय आणि आपण त्यांच्याच नावाने ओरडतोय, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली होती. दुसऱ्या वर्षी लाज गेली आणि ओरडणं राहिलं. रहीमसाहेबांची पहिली ओळख मला या दोघांनी करून दिली. पुढे जिथे मिळेल तिथे वाचत गेलो.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. हैदराबाद तेव्हा निजामाची राजधानी. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले जिल्हे १९५६ पर्यंत त्याच राज्यात होते, म्हणजे एका अर्थी मराठवाड्याचीही ती राजधानीच. तरुणपणी ते तिथल्या स्थानिक संघांतून फुटबॉल चांगलं खेळत. पण त्या काळी खेळावर पोट भरत नसे. बी.ए. झाले आणि शिक्षक झाले. काचीगुड्याच्या शाळेत, मग दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी शिकवलं. शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा घेतला आणि मुलांच्या खेळाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पीटीचा तास म्हणजे आपल्याकडे गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा तास. रहीमसाहेबांनी मात्र त्या तासाचं आयुष्य केलं.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. सचिवपद म्हणजे काय असतं हे आपल्या सोसायटीत ज्यांनी ज्यांनी भोगलं आहे त्यांना सांगायला नको. पत्रं लिहा, वर्गणी गोळा करा, मैदान मिळवा, भांडणं सोडवा. हे सगळं करून वर ते मुलांना शिकवायचे. मरेपर्यंत हे काम त्यांनी सोडलं नाही. १९५० पासून हैदराबाद शहर पोलीस संघाचं प्रशिक्षणही त्यांच्याकडे आलं.

त्यांची शिकवायची पद्धत मास्तरकीतूनच आलेली होती. आपल्याकडे तेव्हा ज्याच्या पायात चेंडू तो राजा. चारजणांना चकवत एकट्याने पुढे जायचं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या. रहीमसाहेबांनी चेंडू पायात घोळवायलाच बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. दुसरी स्पर्धा कमजोर पायाची. उजव्या पायाने खेळणाऱ्याने डाव्याच पायाने मारायचं. कॅशियरसाहेब जेवता जेवता टेबलाखाली पाय हलवून हे करून दाखवायचे. त्यांचं म्हणणं असं की डाव्या पायाने खेळायला लागलं की शाळेतला सगळ्यात हुशार खेळाडू आणि सगळ्यात ढ खेळाडू एका पातळीवर येतात. हुशाराचा ताठा उतरतो आणि ढ पोराला पहिल्यांदा वाटतं की हे मलाही जमेल.

पोरं हेरण्याचं कसब तर त्यांचंच. तुलसीदास बलरामचं उदाहरण देतो. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा गरीब घरातला मुलगा. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि हैदराबादला सरावाला बोलावलं. एवढ्या लांब रोज यायला पैसे नाहीत, असं मुलाने सांगितलं. रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलचे पैसे दिले. तो मुलगा पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि देशातल्या सर्वोत्तम फॉरवर्डांपैकी एक ठरला. २०२३ साली बलराम वारले. सायकलच्या भाड्यावर माणसाचं आयुष्य अडलेलं असतं, हे कर्जाच्या अर्जांवर सह्या करताना मीही पाहिलं आहे. पण अर्ज समोर येण्याआधी पोरगा हेरायला बँकेच्या बाहेर पडावं लागतं.

आता थोडं त्या काळच्या चुरशीविषयी सांगतो, म्हणजे रहीमसाहेबांचं काम किती अवघड होतं ते कळेल. फुटबॉल म्हटलं की देशात कलकत्ता. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेही बहुतेक खेळाडू अनवाणी. त्या दिवसापासून बंगालमध्ये फुटबॉल हा नुसता खेळ राहिला नाही. १९२० मध्ये ईस्ट बंगाल क्लब निघाला. पद्मेपलीकडून आलेली माणसं त्याच्या मागे, तर पश्चिमेकडची मोहन बागानच्या मागे. फाळणीनंतर लाखो निर्वासित आले आणि घरदार गमावलेल्या माणसाला ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या शर्टात आपलं गाव दिसू लागलं. ईस्ट बंगाल जिंकलं की घरोघरी हिलसा मासा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी. एका घरात सून एकीकडची आणि सासू दुसरीकडची असली की त्या दिवशी चूल पेटायची पंचाईत.

आपल्याकडे असं कुठे आहे म्हणाल, तर कोल्हापूरला जा. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशा तालमी-मंडळांच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर लागले की पेठाच्या पेठा लोटतात. ज्या तालमीची कुस्ती, तिचंच फुटबॉल.

या चुरशीने माणसांना खूप काही दिलं. निर्वासिताला ओळख दिली, गिरणीतल्या माणसाला रविवार दिला, आमच्या अकाउंटंटना परक्या मुंबईत ओरडायला आपलं काहीतरी दिलं. पण तिची दुसरी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना चालू असताना मैदानातली धुसफूस प्रेक्षकांत पसरली आणि चेंगराचेंगरीत १६ माणसं गेली. सामना बघायला घरून निघालेली माणसं होती ती.

तर अशा कलकत्त्याला आव्हान दिलं ते रहीमसाहेबांच्या पोलिसांनी. १९५० मध्ये ड्युरँड कपच्या अंतिम फेरीत त्यांनी मोहन बागानला हरवलं. आणि मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी पाच वर्षं ओळीने जिंकला. ही स्पर्धा १८९१ पासूनची, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं ती ब्रिटिश पलटणींच्याच ताब्यात होती. तिथे हैदराबादचे हवालदार-शिपाई पाच वर्षं कुणाला उभं राहू देत नव्हते. आमचे दोघे साहेब त्या पाच वर्षांवर तीन वर्षं बोलत होते आणि तरी विषय संपला नव्हता.

मग देशाचा संघ रहीमसाहेबांच्या हाती आला. १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात इराणला १–० ने हरवून आपण सुवर्णपदक घेतलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असं धुतलं. त्या थंडीत आपले कितीतरी खेळाडू अनवाणी खेळत होते. दहा गोल! एखादा माणूस तोंड लपवून बसला असता. रहीमसाहेब मास्तर होते, आणि नापास झालेल्या वर्गाचं काय करायचं हे मास्तरला माहीत असतं. महासंघाने त्यानंतर बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी संघाची मांडणीच बदलायला घेतली. मागे दोनच बॅक ठेवायची जुनी पद्धत सोडली. हंगेरीचा संघ तेव्हा जगात गाजत होता. त्यांचा मधला फॉरवर्ड पुढे उभा न राहता मागे सरकून खेळतो आणि समोरच्या बॅकला चकवतो, हे त्यांनी नीट अभ्यासलं आणि आपल्या पोरांना शिकवलं.

चार वर्षांनी, १९५६ ला मेलबर्न. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच मैदानावर आपण ४–२ ने हरवलं. त्यात तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. नेव्हिल मूळचा गोव्याच्या आसगावचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता हे लक्षात घ्या. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातला पहिला देश ठरला. उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. पहिला गोल आपला, नेव्हिलचाच. शेवटी ४–१ ने हरलो आणि एकूण चौथे आलो. पण दहा गोल खाणाऱ्यांनी चार वर्षांत एवढी मजल मारली होती. १९६० ला रोममध्ये फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी केली आणि हंगेरीशी एका गोलाने हरलो.

रोमची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चमूत रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही होता. बापाने त्याला एकाही सामन्यात मैदानात उतरवलं नाही. पुढे हकीम हवाईदलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले. संस्था कुठलीही असो, खुर्चीवर बसलेल्या माणसाची परीक्षा घरातलं माणूस रांगेत उभं राहिलं की होते.

आता जकार्ता. १९६२ च्या आशियाई स्पर्धा. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आपल्याकडचे ज्येष्ठ क्रीडा-पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी मत मांडलं की असं असेल तर या स्पर्धांना आशियाई स्पर्धा म्हणू नये. त्यावरून तिथली जनता भडकली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. आपले खेळाडू बसमधून जाताना दगडांच्या भीतीने खाली वाकून बसत. कुठे काय बोलले गेले त्याच्याशी या पोरांचा काय संबंध? पण शिव्या त्यांना खाव्या लागल्या.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २–० ने हरवलं. पुढच्या सामन्यात थायलंडला हरवलं, पण त्यात जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल हा आपला सर्वांत भरवशाचा बॅक. गोलकीपर थंगराज तापाने आजारी. रहीमसाहेबांची स्वतःची प्रकृतीही खालावलेली. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना पोखरलं होतं, आणि सिगारेट काही सुटलेली नव्हती.

जपानला हरवलं. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामसमोर रहीमसाहेबांनी एक उलटीच चाल केली. टाके घातलेल्या जर्नेलला बॅकच्या जागी न ठेवता त्यांनी पुढे फॉरवर्ड म्हणून खेळवलं. जर्नेलने गोल केला आणि आपण ३–२ ने जिंकलो. ४ सप्टेंबर १९६२ ला अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. कोरिया तेव्हा आशियाई चषकाचे विजेते. रहीमसाहेबांनी ओळखलं की कोरियन उंचावरून चेंडू टाकणार, म्हणून तापातून उठलेल्या उंच थंगराजला गोलमध्ये उभं केलं. आदल्या रात्री पोरांना झोप येईना. रहीमसाहेबांनी त्यांच्याकडे एकच मागणं केलं, ते म्हणजे उद्याचं सुवर्णपदक मला भेट म्हणून द्या. ही गोष्ट त्या खेळाडूंनी म्हातारपणापर्यंत सांगितली.

स्टेडियमवर लाखभर लोक, आणि जवळजवळ सगळे आपल्या विरोधात. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलने गोल केले. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला. सामना २–१ असा आपला. त्या लाखभर लोकांत आपल्या बाजूने ओरडणारे मूठभर होते आणि त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातली पोरं होती, असं आपल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितलं. त्याच स्पर्धेत हॉकीचं सुवर्णपदक त्यांनी आपल्याला हरवून घेतलं होतं.

त्या संघाची नावं जरा बघा. कप्तान चुनी गोस्वामी, मोहन बागानचा. बलराम ईस्ट बंगालचा. एरवी कलकत्त्यात हे एकमेकांच्या उरावर बसायचे. पी. के. ईस्टर्न रेल्वेचा. जर्नेल पंजाबचा, फाळणीत लायलपूरकडचं घर सोडून आलेला. युसूफ खान हैदराबादचा मुसलमान. फ्रँको गोव्याच्या कोलवाळचा ख्रिस्ती, मुंबईला टाटांकडून खेळणारा. त्याचा गोवा भारतात येऊन जेमतेम नऊ महिने झाले होते. फाळणी, पोलीस ॲक्शन, गोवामुक्ती, एवढ्या उलथापालथींतून आलेली ही पोरं. या सगळ्यांना एकमेकांना पास द्यायला लावणारा माणूस होता एक शाळामास्तर. त्याने त्यांच्यातली चुरस मोडून काढली नाही. वर्षभर क्लबांसाठी तुटून पडा आणि इथे आलात की चेंडू दुसऱ्याला द्या, एवढंच शिकवलं.

आणखी एक योगायोग. आपण ५ सप्टेंबरला शिक्षक दिन साजरा करतो, तो पहिल्यांदा साजरा झाला १९६२ साली. म्हणजे देशात पहिला शिक्षक दिन उजाडला त्याच्या आदल्या संध्याकाळी जकार्तात एका शिक्षकाने देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं होतं.

माझ्या पिढीला मात्र १९६२ म्हटलं की आठवतं चीनचं युद्ध. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, आणि दीड महिन्यापूर्वीचं ते पदक सगळे विसरून गेले. मी तेव्हा शाळेत होतो. युद्धनिधीसाठी आम्ही घरोघर फिरलो ते आठवतं. जकार्ता हे नाव कुणी घेतल्याचं आठवत नाही.

११ जून १९६३ ला रहीमसाहेब गेले. वय त्रेपन्न. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये. आशियाई स्पर्धांत फुटबॉलचं सुवर्णपदक आपल्याला पुन्हा मिळालं नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळालं, तेही रहीमसाहेबांच्या माणसांनीच. प्रशिक्षकांपैकी एक पी. के. बॅनर्जी, आणि कप्तान हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन. तिथे पदकं संपली. पी. के. पुढे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघांचेही प्रशिक्षक झाले. १९९७ ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात या दोन क्लबांची गाठ पडली तेव्हा कलकत्त्यात एक लाख ३१ हजार लोक बघायला होते. एका बाजूला पी. के., दुसऱ्या बाजूला अमल दत्त. दोन प्रशिक्षकांची ती चुरस बंगाल अजून विसरलेला नाही. पी. के. आणि चुनी गोस्वामी दोघेही २०२० मध्ये सव्वा महिन्याच्या अंतराने गेले.

आमच्या कॅशियरसाहेबांच्या निवृत्तीच्या दिवशी शाखेतर्फे भाषण कुणी करायचं असा प्रश्न आला, तेव्हा अकाउंटंट स्वतःहून उठले. भाषणात बँकेचा शब्दही नव्हता. पाच वर्षांचे रोव्हर्स कप तेवढे होते. त्या दिवशी मला समजलं की या दोन माणसांना चाळीस वर्षांच्या कडवटपणातून एका बाकावर आणून बसवलं ते रहीमसाहेबांनी, आणि रहीमसाहेबांना या दोघांची नावंही माहीत नव्हती.

आता आपली गोष्ट. दहा वर्षांपूर्वी आपल्या ओपन स्पेसवर पुढच्या लाइनची आणि मागच्या लाइनची पोरं फुटबॉल खेळायची. पावसाळ्यात तर रोजच, कारण चिखलात बॅट चालत नाही. चुरस वाढली. शिवीगाळ झाली, काचा फुटल्या, शेवटी एका मुलाच्या डोक्याला चार टाके पडले. पोरांची भांडणं आईबापांत गेली. मी तेव्हा खजिनदार होतो. चेंडू खेळायला मनाई करणारा ठराव मीच मांडला आणि बोर्डाचे पैसेही मीच मंजूर केले. खेळ बंद झाला. भांडण बंद झालं का? दोन्ही लाइनची ती पोरं आता तिशीकडे आली. एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. हळदीकुंकवालाही दोन वेगळी बोलावणी जातात. आपल्याकडे चूक चुरशीची नव्हती. चूक ही होती की त्या मैदानावर रोज संध्याकाळी एकही मोठा माणूस उभा नव्हता. मी घरात बातम्या बघत बसलेला असायचो, आणि मैदान माझ्या खिडकीतून दिसतं.

येत्या सर्वसाधारण सभेत त्या जागेवर चारचाकी गाड्यांसाठी शेड टाकायचा विषय आहे. गाड्या वाढल्या आहेत, अडचण खरी आहे, माझ्या मुलाचीही गाडी रस्त्यावरच उभी असते. तरी मी शेडच्या विरोधात मत देणार आहे, आणि माझाच जुना ठराव रद्द करा अशी सूचना मांडणार आहे. रागवायचं असेल त्यांनी खुशाल रागवावं. पुढच्या आणि मागच्या लाइनच्या पोरांचे संघ हवे तर राहू द्यात, त्यातच मजा आहे. महिन्यातून एकदा मात्र दोन्हीकडची पोरं मिसळून खेळवायची, आणि त्या दिवशी सगळ्यांनी डाव्या पायाने.

मला चौऱ्याहत्तरी लागली. धावणं आता होत नाही. पण संध्याकाळी साडेपाच ते सात मी मैदानाच्या कडेला बसू शकतो. नवापूरहून एक शिट्टी आणून ठेवली आहे. खुर्ची घरून घेऊन येईन, सोसायटीवर तिचा खर्च नको.